तळ्याकाठचं नवीन ऑफिस: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पतसंस्थेचं नवीन ऑफिस गावतळ्याच्या काठाला उभं राहिलंय, बेळगावहून खानापूरकडं येताना लागतं ते. मी बांधकाम कमिटीवर आहे आणि पायाच्या खड्ड्यापासून साईटवर आहे, त्यामुळं बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर कुठंही भेटलं की माणसं हेच विचारतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

तळ्याला एवढं चिकटून बांधायचंच कशाला होतं?

चिकटून नाही ओ, लांबून बघितलं की तसं दिसतं. संस्थेचं जुनं गोडाऊन होतं त्याच जागेवर बांधलंय, म्हणजे नवीन जमीन मोडली नाही, एक बांबूही तळ्यात रोवला नाही. तळ्याची हद्द सर्व्हे नकाशावरून मोजून घेतली आणि तिथून जेवढं मागं सरता येईल तेवढं सरलो. बंगळूरच्या तळ्यांसाठी हरित लवादानं २०१६ साली ७५ मीटरचा पट्टा मोकळा सोडायला सांगितलं होतं, सुप्रीम कोर्टानं ते २०१९ मध्ये रद्द केलं, त्यामुळं "आता कायबी बांधलं तर चालतंय" असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीय. कायद्याचं अंतर एक, आणि पाण्याचं स्वतःचं अंतर वेगळं.

पाण्याचं अंतर आम्हाला एका आजोबांनी दाखवलं. नकाशा घेऊन आम्ही चौघं उभे, इंजिनिअर टेप धरून, आणि आजोबा म्हशी घेऊन चाललेले, ते थांबले आणि चिंचेच्या एका मुळीवर काठी टेकवून म्हणाले, "एकोणीस साली इथवर आलतं." २०१९ चा ऑगस्ट इकडं कोण विसरणार, गोकाक, रामदुर्ग, चिकोडी, निपाणी सगळीकडं पाणी, आणि बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात. आम्ही त्या मुळीची लेव्हल घेतली आणि जोतं त्याच्या तीन फूट वर धरलं. खाली फक्त पार्किंग आहे. मीटर, पॅनेल, इन्व्हर्टर, फाईलींची रूम सगळं पहिल्या मजल्यावर. सांडव्याच्या वाटेवर काहीच नाही, कंपाउंडची भिंतसुद्धा नाही, तिथं तारेचं कुंपण आहे म्हणजे पाणी आलं तर आरपार जाईल.

तळं समोर असून तिकडं मोठी काच का लावली नाही? व्ह्यू वाया गेला की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि कमिटीत सगळ्यात जास्त भांडणही यावरच झालं, म्हणून जरा सविस्तर.

आमचं तळं पश्चिमेला आहे. आपल्याकडं पश्चिमेकडून दोन गोष्टी येतात, दुपारनंतरचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा तिरका पाऊस. दक्षिणेची खिडकी असेल तर छज्जा काढला की काम भागतं कारण तिथं ऊन वरून येतं, पण पश्चिमेचं चार वाजताचं ऊन खाली उतरलेलं असतं, ते दोन फुटाच्या छज्जाखालून सरळ टेबलावर येतं. साध्या काचेतून उन्हाच्या उष्णतेतली ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत शिरते. मी पूर्वी एका ऑफिसात काम करायचो, नाव घेत नाही, तिथं पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच होती. एप्रिलमध्ये तीन वाजले की माणसं काचेला पेपर चिकटवायची, एक मॅडम रोज घरून बेडशीट आणून क्लिपांनी लावायच्या, वर एसी अठरावर, आणि अंधार झाला म्हणून ट्यूबलाईट भर दुपारी चालू. म्हणजे उजेडासाठी काच, काचेमुळं ऊन, उन्हामुळं पेपर, पेपरामुळं लाईट. ते चार वर्षं बघितलंय म्हणूनच मी इथं हट्ट धरला.

मग केलं काय, तर आपल्या जुन्या घरांना असतो तसा सोपा, म्हणजे ओसरी, काढला. पश्चिमेच्या पूर्ण अंगाला नऊ फूट खोल सोपा, वर उतरतं कौलारू छप्पर, पुढं उभ्या लाकडी पट्ट्या. जिना आणि संडास पण त्याच बाजूला सरकवले, कारण तिथं कुणी दिवसभर बसत नाही. कामाच्या जागा उत्तर आणि दक्षिणेला. तळं बघायचं असेल तर माणूस सोप्यात येतो, डबा तिथंच खातो, चहा तिथंच होतो, ग्राहकांना थांबायची बाकंही तिथंच टाकलीत. व्ह्यू कुठं वाया गेला नाही, फक्त काचेच्या आतून बघायच्या ऐवजी वाऱ्यात बसून बघायचा. एक बारीक गोष्ट अजून, बेळगाव साधारण पावणेसोळा अंश अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. "उत्तरेला छज्जा कशाला" असं मेस्त्री म्हणत होते, तो याच्यासाठी. आणि पावसासाठी तर हवाच.

जांभ्याच्या भिंती जुन्या पद्धतीच्या वाटत नाहीत का? आणि ओल धरत नाही?

जुन्या वाटतात, वाटू देत. जांभा आपल्या खानापूर, चंदगड पट्ट्यातलाच, ट्रक लांबून यायला नको. खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीनं कापला जातो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो. वीट भाजायला भट्टी लागते, सिमेंटला तर त्याहून जास्त जाळ लागतो आणि चुनखडी तापवतानाच ढिगानं कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, जांभ्याला फक्त कापणं आणि वाहतूक. जाड भिंत हळू तापते, म्हणजे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत ऑफिस सुटतं.

पण ओल धरतो हे खरं आहे. हात लावून बघा, भोकं भोकं असतात, पाणी प्यायला तयारच. म्हणून जोत्यापर्यंत काळा दगड, त्यावर ओल अडवणारा पट्टा, आणि मग जांभा. बाहेरून सिमेंटचा गिलावा मुद्दाम केला नाही, चुन्याच्या दर्जा भरल्यात, म्हणजे दगडांचे सांधे चुन्यानं बुजवलेत, कारण सिमेंटनं कोंडला की आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि मग पापुद्रे सुटतात. पहिल्या पावसाळ्यात आग्नेयेच्या कोपऱ्यात ताटाएवढा ओला गोल दिसला होता. सगळे घाबरले. बघितलं तर पन्हळीचा जोड सुटला होता, दगडाचा दोष नव्हता. जोड बसवला आणि दसऱ्यापर्यंत गोल वाळला.

इमारतीचा सांगाडा मात्र आरसीसीचाच आहे, नुसत्या जांभ्यावर तीन मजले उभे केलेले नाहीत, कुणी तसा गैरसमज करून घेऊ नका. त्यातही राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं. फरशी शहाबादी.

एसी अजिबात नाही?

सर्व्हर रूम, मीटिंग हॉल आणि एक केबिन, एवढ्याच ठिकाणी आहे. बाकी हवा आरपार खेळती ठेवलीय आणि पंखे बीएलडीसी. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, हा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. साठ-सत्तर पंखे असले की फरक बिलात दिसतो. बेळगावला जुनी माणसं गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहोत आपण, मार्च ते मे सोडला तर एसीची गरज किती आहे हे स्वतःलाच विचारून बघा. आता पूर्वीसारखी हवा राहिली नाही हे मान्य, म्हणूनच छपराखाली पोकळी सोडलीय आणि स्लॅबवर पांढऱ्या चायना चिप्स घातल्यात. आहेत ते एसी चोवीसवरच ठेवायचे, हे कमिटीत ठरलंय.

तळ्याच्या पाण्यावर एसी चालवता येतो म्हणे, यूट्यूबवर दाखवतात. ते का केलं नाही?

येतो, पण तळं तसं लागतं. कॅनडात टोरांटो शहरात २००४ पासून हे चालतं, ते लोक ओंटारिओ सरोवराच्या ८३ मीटर खोलीवरून पाणी घेतात आणि तिथं पाणी बारा महिने चार अंशाच्या आसपास असतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या बंदरावर २०१९ मध्ये झालेली पॉवरहाउस नावाची ऑफिस इमारत समुद्राचं पाणी वापरते आणि छतावरच्या सोलरमुळं वर्षाला स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून जास्त वीज तयार करते. वाचून मलाही भारी वाटलं होतं.

आमचं तळं भर पावसाळ्यात दोन पुरुष खोल, मे महिन्यात कमरेएवढं. त्याचं पाणी आधीच कोमट. ते घेऊन यंत्रातून अजून गरम करून परत सोडलं तर गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि पहिल्यांदा मासे मरतात. बाहेरची कल्पना चांगली असली तरी आपल्या पाण्याची खोली बघितल्याशिवाय आणायची नाही. तळ्याचा गारवा आम्हाला वाऱ्यातून मिळतो तेवढा बास.

सोलर किती आहे? करंट गेला तर सोलरवर चालतं का?

हिशोब सोपा आहे. एक किलोवॉटला दहा चौरस मीटर जागा धरा, आणि वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. आमचं छत पाचशे चौरस मीटर, त्यातलं निम्मं पॅनेलला दिलं, म्हणजे पंचवीस किलोवॉट, म्हणजे सरासरी शंभर युनिट. सरासरी हा शब्द महत्त्वाचा, जुलैत ढग उठत नाहीत तेव्हा फार कमी मिळतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर. पॅनेलची तोंडं दक्षिणेला, उतार पंधरा अंशाच्या जवळपास. हेस्कॉम या इकडच्या वीज कंपनीचं नेट मीटर आहे, रविवारची वीज लाईनला जाते.

करंट गेला तर नुसतं ग्रिडचं सोलर बंदच पडतं, ऊन असलं तरी. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग फसवलं असं वाटतं. ते मुद्दाम बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरचा करंट लागेल. म्हणून काउंटर, कॉम्प्युटर आणि काही दिव्यांपुरती वेगळी बॅटरी ठेवलीय. आणि हो, पीएम सूर्यघरची सबसिडी घरांसाठी आहे, ऑफिसला ती मिळत नाही, दोन-तीन दुसऱ्या पतसंस्थावाल्यांनी विचारलं म्हणून सांगतो.

पावसाच्या पाण्याचं काय करता? शोषखड्डा मारला का?

नाही मारला, आणि त्याचं कारण समजून घ्या. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटर आणि वर्षाला १२०० मिलिमीटर धरला, इकडं खानापूरकडं सरकलं की तो वाढतच जातो, तरी सहा लाख लिटर, त्यातलं उडून-सांडून जाईल ते सोडलं तर पावणेपाच लाख लिटर हातात. बाकी ठिकाणी हे जमिनीत मुरवणं चांगलंच. पण तळ्याच्या काठाला पावसाळ्यात चार-पाच फुटावर पाणी लागतं, जमीन आधीच भरलेली, शोषखड्डा मारला तर तो खड्डाच भरून उभा राहतो.

म्हणून आम्ही साठवतो. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाजूला काढायची सोय, मग वाळू-खडीची गाळणी, मग पन्नास हजार लिटरची टाकी. ऑफिसात माणशी रोज पंचेचाळीस लिटर धरायची पद्धत आहे, साठ माणसांना सत्तावीसशे लिटर, म्हणजे टाकी अठरा दिवस पुरते आणि पावसाळ्यात ती परत परत भरत राहते. उरलेलं स्वच्छ पाणी तळ्यात जातं. मे महिन्यात बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी किती उतरली हे आपण पेपरात रोज काळजीनं वाचतो आणि जूनमध्ये आपल्याच पन्हळीतून लाख लिटर गटारात सोडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी खणली होती, लोक येणार तर पाण्याची सोय आधी, असा तो विचार होता.

तुमच्या संडास-बाथरूमचं पाणी शेवटी तळ्यातच जाणार ना?

नाही. एक थेंबही नाही. हा प्रश्न गावसभेत एका मावशीनं विचारला होता, जरा रागानंच, आणि तिचा राग बरोबर होता, कारण तळ्याच्या पलीकडच्या अंगाला दोन पाईप आधीपासून उघडे सुटलेत आणि तिथं जलपर्णी माजलीय. जलपर्णी काय आपोआप येत नाही, मैल्यातलं नत्र आणि फॉस्फरस मिळालं की ती वाढते, पाण्यावर चादर घालते, खाली उजेड जात नाही, आणि मग पाणी वास मारतं.

मला विचाराल तर काठावरची इमारत चांगली का वाईट हे या एका गोष्टीवर ठरतं. छतावर कितीही सोलर लावा, मागच्या बाजूनं पाईप तळ्यात सोडला असेल तर सगळं वाया.

आमच्याकडं आधी गाळ बसायची टाकी, मग आडव्या-उभ्या भिंतींची टाकी, त्यात पाणी वर-खाली होत जातं आणि जंतू मैला खातात, आणि मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. मुळांना चिकटलेले जंतू उरलेलं काम करतात. मोटर नाही, उतारानंच वाहतं, करंट गेला तरी बंद पडत नाही. बाहेर पडलेलं पाणी मी काचेच्या ग्लासात घेऊन त्या मावशींना दाखवलं, त्यांनी ग्लास उन्हाकडं धरला, वास घेतला, आणि काही न बोलता परत दिला. पिण्यालायक ते नाहीच, पण फ्लशला आणि बागेला चालतं. पंचेचाळीस लिटरमधले वीस लिटर फ्लशचेच असतात, तेवढं ताजं पाणी रोज वाचतं. कर्दळीला फुलं येतात ती वेगळीच.

त्या वाफ्यात डास होत नाहीत?

पाणी खडीच्या वर येतच नाही, चार बोटं खाली राहतं. उघडं पाणीच नाही तर डास अंडी कुठं घालणार. पावसाच्या टाकीला जाळी आहे.

रात्री दिवे एवढे मंद का? वॉचमनला दिसतं का?

दिसतं. दिव्यांची तोंडं खाली आहेत आणि रंग पिवळसर आहे, तळ्याकडं एकही फोकस नाही. पांढऱ्या झगझगीत लाईटला किडे गोळा होतात आणि तळ्यावरचे पक्षी बिचकतात. खिडक्यांच्या काचांवर दोन-दोन इंचांवर बारीक ठिपके दिसतात, ते डिझाईन म्हणून नाहीत. काचेत आभाळ आणि झाडं दिसली की पक्षी सरळ येऊन आपटतो, ठिपके असले की त्याला अडथळा कळतो. खंड्या, बगळे, पाणकोंबड्या हे आमच्या आधीपासूनचे रहिवासी.

झाडं कुठली लावली?

करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, आणि काठाला वाळुंज. लॉन नाही. लॉनला पाणी लागतं, खत लागतं, आणि ते खत पावसात तळ्यातच उतरतं.

ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट मिळालं का?

अजून अर्ज केलेला नाही. आपल्या देशात गृहा आणि आयजीबीसी या दोन पद्धती जास्त चालतात, बाहेरची लीडही आहे, सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या हैदराबादच्या इमारतीला २००३ साली लीडचं प्लॅटिनम मिळालं होतं. ऊर्जा बचतीचा सरकारी कोड, ईसीबीसी, तो शंभर किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींसाठी आहे, आमचा भार त्याच्या खाली येतो. तरी भिंत, काच, छप्पर याचे आकडे आम्ही त्यातूनच बघितले. फी आणि कागदपत्रांचा खर्च सभासदांच्या पैशातून होणार, म्हणून आधी दोन वर्षांची वीज-पाण्याची बिलं हातात येऊ देत, मग ठरवू.

खर्च जास्त झाला असेल की?

काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी. सोलर, बॅटरी, खडीचा वाफा, टाकी यांना जास्त लागले. काच, एसी, सगळीकडचं फॉल्स सीलिंग आणि बाहेरचा गिलावा-रंग यांचे वाचले. एकूण आकडा वार्षिक सभेच्या अहवालात छापलाय, कुठल्याही सभासदानं ऑफिसात येऊन बघावा.

गावच्या लोकांना काठावर येऊ देणार का? गणपतीला काय?

वाट पूर्वीसारखीच आहे, म्हशींची पण. काठ गावाचा आहे. गणपतीसाठी अंगणात वेगळा हौद बांधलाय, शाडूची मूर्ती त्यात विरघळते आणि ती माती बागेला जाते. प्लास्टरची मूर्ती आणू नका एवढीच विनंती, ती विरघळत नाही आणि तिचा रंग पाण्यात उतरतो. निर्माल्याला बाजूला टोपली आहे.

हे सगळं सांभाळणार कोण? दोन वर्षांनी बंद पडलेलं दिसायचं.

ही भीती आम्हालाही होती, अशी बंद पडलेली कामं आपण सगळ्यांनी बघितलीत. म्हणून शक्य तिथं मोटरी-सेन्सर टाळले. राहिलेली कामं कॅलेंडरवर टाकलीत: पॅनेल महिन्यातून दोनदा पुसणं, मृग लागायच्या आधी पन्हळी आणि जाळ्या साफ करणं, दिवाळीनंतर कर्दळ छाटणं, वर्षातून एकदा गाळ काढणं. वॉचमन काकांना प्लंबरनं स्वतः सगळं उघडून दाखवलंय, कुठली झडप कशाची ते त्यांनी ऑइल पेंटनं मराठीत आणि कन्नडात लिहून ठेवलंय. परवाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते शिडी लावून पन्हळीतून चिंचेचा पाला काढत होते, दोन बादल्या निघाला, आणि त्याच संध्याकाळी पहिला वळीव आला.